स्टालिनचे वकील, माझे सासरे

आमच्या वेर्खताल्स्क शहरात माझ्या सासऱ्यांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पण ओळखणाऱ्यांचे दोन तट. एका तटातली माणसं भर बाजारात त्यांचा हात धरून म्हणायची, "वालेरियान साव्विच, तुम्ही आहात म्हणून खरं बोलणारं कुणीतरी उरलंय." दुसऱ्या तटातली माणसं त्यांना लांबून पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. एकदा ट्रॉलीबसमध्ये एक बाई त्यांच्या कोटावर थुंकली. त्यांनी रुमाल काढला, कोट पुसला आणि तिला बसायला स्वतःची जागा दिली. घरी येऊन आम्हाला म्हणाले, "म्हातारी होती रे. उभी कशी राहणार?"

स्टालिनवर त्यांनी लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात मात्र त्या बाईच्या घरच्यांसारखी, त्याच्या राजवटीत मारली गेलेली लाखो माणसं एका परिच्छेदात आटोपली होती.

वालेरियान साव्विच झागूमेन्नी यांचा जन्म ट्रॅक्टर कारखान्याच्या चाळीतला. युद्ध सुरू झालं तेव्हा ते पाळण्यातून नुकते उतरले होते. वडील साव्वा आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. आई तोफगोळ्यांच्या खात्यात कामाला होती. तिथल्या स्फोटक दारूनं तिचे हात कायमचे पिवळे पडले होते. पोरगा वाढला तो कारखान्याच्या भोंग्यावर, आणि शाळेच्या भिंतीवरच्या त्या मिशीवाल्या चित्राखाली. त्रेपन्नच्या मार्चमध्ये स्टालिन वारला तेव्हा शाळेची सगळी पोरं थंडीत पटांगणात उभी केली होती. वालेरियान इतका रडला की मास्तरांना त्याला उचलून आत न्यावं लागलं. माझी बायको रिम्मा म्हणते, "बाप मेला तेव्हा पप्पांना रडायचं कळत नव्हतं. ते रडं शिल्लक होतं. त्या दिवशी निघालं."

मला ते पटतं. बाप कशासाठी मेला याचं उत्तर त्यांना एकाच माणसाच्या नावानं मिळालं होतं. तो माणूस काढून घेतला तर बाप उगाच मेला असं झालं असतं.

पुढे ते शिकले, अध्यापक महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले, विभागप्रमुख झाले. मग ऐंशीच्या दशकाचा शेवट आला, वारं फिरलं. कालपर्यंत जे सहकारी मिशीवाल्याबद्दल वावगा शब्द काढत नव्हते ते रातोरात त्याच्या चित्रामागची कोळिष्टकं दाखवू लागले. सासरे जागचे हलले नाहीत. "मी काय टोपी आहे का, ऋतू बदलला की बदलायला?" म्हणाले. विद्यार्थी त्यांच्या तासावरून उठून गेले. प्रमुखपद गेलं. त्यांनी रिकाम्या बाकांना शिकवलं म्हणतात. मग काही वर्षांनी वारं पुन्हा फिरलं आणि तेच म्हातारे सासरे आमच्या जिल्ह्याच्या टीव्हीवर दिसू लागले. निवृत्त सैनिकांच्या संघात त्यांच्यासाठी पहिली खुर्ची राखलेली असे.

मी दंतवैद्य. सरकारी दवाखान्यात रिम्मा दाढ दुखते म्हणून आली आणि दाढ काढून झाल्यावरही येत राहिली. आमचं जुळलं, तेव्हा तिचे वडील कोण हे मला ठाऊक होतं. माझी आई कोण हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

माझी आई फाइना येगोरोव्ना. रेल्वे स्टेशनवर तिनं जन्मभर गाड्यांच्या घोषणा केल्या. तिचा आवाज असा की कर्णा बिघडला तरी काम अडत नसे. तिचे वडील येगोर घोड्यांचे डॉक्टर होते. अडतीसच्या हिवाळ्यात सामुदायिक शेतावरचे घोडे कसल्याशा रोगानं मेले, आणि घोड्यांना विष घातलं म्हणून येगोर आजोबांना उचलून नेलं. वसंत ऋतू यायच्या आत गोळी घातली. आई तेव्हा अंगावर पीत होती. आजोबा निर्दोष होते हे सरकारनं नंतर मान्य केलं. तोवर आजी म्हातारी झाली होती.

तर अशा घरात विधुर वालेरियान साव्विच शॅम्पेनची बाटली घेऊन मुलीच्या सोयरिकीला आले. आईनं दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"टीव्हीवरचे ते तुम्हीच का?"

"मीच."

"टीव्हीवर जरा उंच दिसता," आई म्हणाली. "या आत. मुलांनी ठरवलंय, आपण काय करणार."

लग्न झालं. व्याही आणि विहीण वर्षातून दोन-चारदा एका टेबलाशी बसू लागले, आणि बिटाचं सॅलड संपायच्या आत स्टालिन टेबलावर यायचाच.

"माणसं मेली हे मी नाकारतो कुठे, विहीणबाई?" सासरे म्हणत. "पण ते कारखाने उभे राहिले नसते तर हिटलर इथवर आला असता. हिशेब करून बघा."

"हिशेब तुमचा, मेलेले आमचे," आई म्हणे. "सोयीची वाटणी आहे."

शेवटी रिम्मानं फर्मान काढलं की जेवताना या घरात मेलेल्या माणसांची नावं घ्यायची नाहीत. मग दोघं हवापाण्यावर बोलत. तरी आई म्हणायचीच, "यंदा थंडी फार. सैबेरियातल्या त्या छावण्यांत तर काय होत असेल तेव्हा." आणि सासरे काटा खाली ठेवत.

हे असं वीसेक वर्षं चाललं. भांडण होतं, पण ते भांडण मेजावर जेवणासारखं मांडलेलं असायचं; सगळ्यांना त्याची चव ठाऊक होती. खरं फाटलं ते दगडावरून.

स्टेशनसमोरच्या बागेत एक ओबडधोबड ग्रॅनाइटचा दगड आहे. नव्वदच्या सुमारास, स्टालिनच्या काळात गोळी घातलेल्यांच्या घरच्यांनी खाणीतून तो आणून बसवला. त्यावर त्यांच्या आठवणीची एक ओळ आहे, बाकी काही नाही. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, बळींच्या स्मरणाच्या दिवशी, तिथं माणसं जमतात आणि एकेक नाव मोठ्यानं वाचतात. बरीचशी नावं माझी आई वाचते, कारण तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या पावाच्या दुकानापर्यंत जातो.

त्या वर्षी उन्हाळ्यात सैनिकांच्या संघानं नगरपालिकेकडे मागणी केली की तो दगड दफनभूमीत हलवावा आणि बागेत स्टालिनचा अर्धपुतळा बसवावा. पालिकेनं ऑक्टोबरमध्ये जाहीर सभा ठेवली आणि तोवर इतिहासकाराचा अभिप्राय मागवला. इतिहासकार म्हणजे कोण, हे सांगायला नको.

आमच्या दोन्ही घरांच्या बागा शहराबाहेर एकाच वस्तीत आहेत. तिथं लाकडी खोल्या, बटाटे, काकड्या, शेजारी रान. मधे एक कुंपण. आईला ही बातमी दुधाच्या रांगेत कळली. बागेत परतल्यावर ती काळ्या मनुकांसारख्या फळांचं भरलेलं घमेलं हातात घेऊन तशीच कुंपणापाशी आली.

"व्याहीबुवा, दगड हलवणार म्हणे तुम्ही?"

सासरे काकड्यांना पाणी घालत होते. "अभिप्राय मागितलाय. मी अजून दिलेला नाही."

"मग काय देणार?"

"इतिहासाच्या दृष्टीनं बागेची ती जागा..."

"माझ्या बापाला कबर नाही," आई म्हणाली. "कुठल्या खड्ड्यात टाकलं ते कुणी सांगितलं नाही. तो दगड आहे तेवढा आहे. आणि तुम्ही मला जागेचं सांगता?"

"विहीणबाई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"मी तुमची विहीण नाही. आजपासून नाही."

तिनं घमेलं कुंपणावरून पलीकडे उपडं केलं आणि निघून गेली. सासऱ्यांनी वाकून ती फळं एकेक करून वेचली, धुतली आणि रिम्माच्या हाती आमच्याकडे पाठवली. आईनं ती कोंबड्यांना घातली.

रिम्माचे हाल झाले. ती इकडून तिकडे जेवण पोचवायची, दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सांभाळायची, आणि स्वतः झोपायची नाही. मला म्हणायची, "झाखार, एक दिवस यांच्यातलं कुणीतरी मरेल आणि दुसरं म्हणेल, 'बघ, मी बरोबर होतो.'"

सप्टेंबरच्या एका शनिवारी सगळी वस्ती अळंब्या वेचायला रानात पांगली होती. रान अळंब्यांनी फुललं की आमच्याकडे नवराबायकोसुद्धा एकमेकांना आपली जागा सांगत नाहीत. सासरे सकाळीच वेताची टोपली घेऊन गेले. थोड्या वेळानं आई बादली घेऊन मुद्दाम दुसऱ्या वाटेनं गेली. दुपारी धुकं उतरलं आणि त्यातून बारीक बर्फाळ पाऊस सुरू झाला. लोक परत येऊ लागले. ही दोघं आली नाहीत.

"पप्पांनी जाकीट नेलं नाहीये," रिम्मा दारात उभी राहून म्हणाली. मग थोड्यानं, "आणि तुझी आई?"

"तीही आलेली नाही."

ती माझ्याकडे वळली. "एकमेकांना भेटले असतील का?"

"भेटले असतील तर ओरडणं इथवर आलं असतं," मी म्हणालो. तिला हसवायला म्हणालो होतो. ती हसली नाही. फोन कुणीच नेला नव्हता, आणि नेला असता तरी त्या रानात लागला नसता.

मी वनरक्षक राविलकडे पळालो. राविल तातार जमातीचा, बोलायला कमी, चालायला दांडगा. त्यानं वस्तीतल्या माणसांना हाक दिली. सगळ्यात आधी बूट चढवून आला तो कोंद्राती, शाळेतला निवृत्त भौतिकशास्त्राचा मास्तर. याच कोंद्रातीनं भर ग्रंथालयात माझ्या सासऱ्यांचा ग्रंथ मधोमध फाडला होता. मला आश्चर्य वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"सापडू दे आधी," कोंद्राती बूट ओढत गुरगुरला. "मग मी आहे आणि तो आहे."

आम्ही रांग धरून रानात शिरलो. आमच्याकडे हरवलेल्याला "आऊ!" अशी हाक घालतात. सगळे मिळून एकदा हाक घालायची, मग सगळ्यांनी थांबून श्वास धरून ऐकायचं. आम्ही हाक घातली, थांबलो. पावसाचा आवाज. पुढे सरकलो, हाक घातली, थांबलो. पुन्हा पाऊस. असं करत करत आम्ही दलदलीच्या काठापर्यंत आलो, आणि तिथं शेवाळावर आईची बादली आडवी पडलेली दिसली. तपकिरी टोप्यांच्या अळंब्या भोवती सांडल्या होत्या. त्यांवर कुणाचा तरी पाय पडला होता.

आईनं अळंब्या सांडून जाणं म्हणजे काय, हे तिच्या पोटच्या मुलालाच कळेल. दलदलीचं पाणी काळं आणि सपाट होतं. त्याच्याकडे बघत मी मनात शब्द जुळवू लागलो, रिम्माला काय आणि कसं सांगायचं त्याचे.

तेवढ्यात राविलनं हात वर केला. "श्श."

आम्ही थिजलो. धुक्यातून, फार लांबून, काहीतरी आलं. मला वाटलं बगळा. मग पुन्हा आलं, आणि त्यात शब्द होते.

"...पोलादाचं उत्पादन! पहिल्या पंचवार्षिक योजनेआधी किती होतं, सांगा की!"

आणि त्यावर, फाटक्या पण अजून दणकट आवाजात, "पोलाद उकडून खा आणि गप्प बसा!"

कोंद्रातीनं टोपी काढून तोंड पुसलं. "तोच," तो म्हणाला. "देवा, तोच तो गाढव. जिवंत आहे."

आम्ही धावलो. आयुष्यात मी कुणाचंही भांडण ऐकायला इतक्या जोरानं धावलो नव्हतो. फांद्या तोंडावर बसत होत्या, आणि पुढून आवाज येतच होते. सासरे आता शेतीवर आले होते, आणि आई म्हणत होती की त्यांना गाय कुठल्या बाजूनं दूध देते तेही ठाऊक नाही.

एका पडलेल्या झाडाच्या खोडावर वालेरियान साव्विच बसले होते. कमरेखाली चिंब. अंगात माझ्या आईचं कापूसभरलं जाकीट, आणि पायांना तिची लोकरी शाल गुंडाळलेली. चेहरा मेणासारखा. आई नुसत्या स्वेटरवर समोर काठी टेकून उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते. ती मला बघून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आलास? घे बाबा यांना. माझे प्रश्न संपत आले होते."

मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "मला नंतर. आधी त्यांना. त्यांना झोपू देऊ नकोस."

राविल आणि कोंद्रातीनं सासऱ्यांना आळीपाळीनं पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेत कोंद्रातीच्या पाठीवरून सासरे पुटपुटले, "कोंद्राती, तू? तू तर माझा ग्रंथ फाडलास."

"जाड होता," कोंद्राती धापा टाकत म्हणाला. "तुझ्यासारखाच. हात दुखले माझे."

वस्तीत न्हाणीघर तापवून ठेवलं होतं. दोघांना वाफेत बसवलं, व्होडकानं अंग चोळलं, रास्पबेरीचा गरम चहा पाजला. शहरातून डॉक्टर आला, छाती तपासून म्हणाला, सर्दीखोकला होईल, बाकी घोड्यासारखे ठणठणीत आहेत. रिम्मा पायरीवर बसली आणि गेल्या दोन महिन्यांचं एकदमच रडली. रडून झाल्यावर तिनं खळखळून तोंड धुतलं आणि पेल्मेनी उकळायला टाकले. मोदकासारखे चिमटलेले ते खिम्याचे गोळे दोघांनीही ताटात भरपूर घेतले. ते बघून मला पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

काय झालं होतं ते आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

धुक्यात ती वाट शोधत होती तेव्हा तिला लांबून "आऊ" ऐकू आलं. आवाज तिनं ओळखला. "खरं सांगू? थोडा वेळ मी उभीच राहिले," ती म्हणाली. "वाटलं, ओरडू दे. मग तो 'आऊ' बारीक झाला. बारीक आवाजात मी त्या माणसाला कधी ऐकलं नव्हतं. म्हणून गेले."

सासरे दलदलीत कमरेपर्यंत रुतले होते. तिनं बादली टाकली, बर्चची फांदी पुढे केली, पोटावर आडवी पडून ओढलं. बाहेर आल्यावर दोघं चालू लागली. ते म्हणाले उजवीकडे, ती म्हणाली डावीकडे. आधी त्यांच्या म्हणण्यानं गेली, मग तिच्या, आणि दोन्ही खेपांना फिरून त्याच पडलेल्या झाडापाशी आली.

"मग त्यांचं कुडकुडणं थांबलं," आई म्हणाली. "मला आधी बरं वाटलं. पण ते हसून म्हणाले, 'विहीणबाई, आता ऊब येतेय. जरा पडतो.' गारठून मरणारा माणूस असाच म्हणतो. मी हलवलं, गालावर मारलं. डोळे उघडेनात. मग मी त्यांच्या कानाशी गेले आणि म्हटलं, 'तुमचा स्टालिन भित्रा होता.'"

"मग?"

"डोळे उघडले ना! 'काय म्हणालात?' म्हणे. मी म्हटलं, 'भित्रा. युद्ध सुरू झालं तेव्हा दडून बसला.' उठून बसले. मग मी सोडलं नाही. एक संपलं की दुसरं. दुष्काळ, तुरुंग, गोळी घातलेले सेनापती, सगळं काढलं. वीस वर्षं ऐकलेलं एकदाचं कामाला आलं."

आम्ही हसलो. रिम्मा डोळे पुसत हसली. सासरे शेजारच्या खाटेवर गोधडीत गुरफटून पडले होते. ते खोकून म्हणाले, "आणि सगळे आकडे चुकीचे सांगत होत्या."

"मुद्दाम. दुरुस्त करायला तुम्ही जागे राहावंत म्हणून."

सासऱ्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

आणखी एक गोष्ट आईनं सगळ्यांसमोर सांगितली नाही. मला एकट्याला सांगितली, कितीतरी दिवसांनी, कोबी चिरताना. आम्ही पोचायच्या थोडं आधी तिचा घसा बसला होता आणि ती गप्प झाली होती. तेव्हा सासरे आपणहून बोलले.

"विहीणबाई, तुमचे वडील काय करायचे?"

"इतक्या वर्षांत आज विचारलंत," ती म्हणाली. "घोड्यांचे डॉक्टर होते."

"नाव काय होतं त्यांचं?"

"काय असणार? मला येगोरोव्ना म्हणून हाक मारता ना? येगोरची मुलगी. जितक्या वेळा हाक मारलीत तितक्या वेळा त्यांचंच नाव घेतलंत तुम्ही."

सासऱ्यांनी पायांवरची शाल आवळली. मग त्यांनी विचारलं, "काही आठवतं त्यांचं?"

"मी पाळण्यात होते. आई सांगायची तेवढंच. घोडीच्या पोटाला हात लावायच्या आधी ते आपले हात काखेत धरून गरम करायचे. तिला गार लागू नये म्हणून."

"माझ्या वडिलांचं मला तेवढंही ठाऊक नाही," सासरे म्हणाले. आणि एवढे गप्प झाले की आईला भीती वाटली, आता हे झोपणार.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? पोलादाचं विचारलं," आई म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये सभा झाली. संस्कृतीभवनाचं सभागृह खच्चून भरलं होतं. एका बाजूला पदकं लावलेले म्हातारे, दुसऱ्या बाजूला दगडवाले. मधली वाट रिकामी. आई दगडवाल्यांत बसली होती. रिम्मा आणि मी कुठे बसावं ते न कळून मागे भिंतीला टेकून उभे होतो. सासऱ्यांनी अभिप्राय कुणालाच दाखवला नव्हता. आम्हालाही नाही.

ते व्यासपीठावर चढले, खोकले, पाणी प्याले.

"स्टालिनबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "ते बदललेलं नाही. त्याच्यावाचून हा देश युद्धात टिकला नसता."

पदकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आई समोर बघत होती. रिम्मानं डोळे मिटले.

"पण मला दगडाचं विचारलंय," ते टाळ्या थांबायची वाट बघून म्हणाले. "माझ्या वडिलांचं नाव कारखान्याच्या भिंतीवर कोरलेलं आहे. मी तिथं जातो, फूल ठेवतो. कुणी मला तिथून उठवत नाही. या माणसांना भिंत नाही. कबर नाही. एक दगड आहे. तो मी हलवायला सांगणार नाही. तो जिथं आहे तिथंच राहील, असा माझा अभिप्राय आहे. पुतळ्यासाठी दुसरी जागा शोधा."

मग पदकवाल्यांतून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा बायकांच्या नादाला लागला!"

"बायको माझी वारली," सासरे कागद घडी करत म्हणाले. "विहीण आहे. तिच्या नादाला लागाल तर तुम्हीसुद्धा दलदलीतून बाहेर याल."

सभागृहात आधी कोंद्राती हसला, मग निम्मे लोक. गोंधळ झाला, दोन-तीन म्हातारे उठून गेले, सैनिकांच्या संघानं पुढे बरेच महिने त्यांना पहिली खुर्ची दिली नाही. पण पालिकेच्या लोकांना भांडण नकोच होतं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून दगड राहू दिला. रिम्मा माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "घरी चल. मला भूक लागलीये." कितीतरी महिन्यांत तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

माझे सासरे बदलले असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी तो अर्धपुतळा संघाच्या आवारात बसला आणि त्याचं उद्घाटन त्यांनीच केलं. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. पण नंतर बोलली. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तिच्यात ते मेलेल्यांचं एका परिच्छेदाचं प्रकरण बरंच लांबलं होतं. निष्कर्ष तोच होता. कोंद्रातीनं ती विकत घेतली आणि फाडली नाही. समासात शिव्या लिहून त्यांना परत दिली.

सभेच्या त्याच ऑक्टोबरच्या शेवटी, स्मरणाच्या दिवशी, आई दगडापाशी नावं वाचत होती. सासरे आले. दगडाजवळ आले नाहीत. रस्त्यापलीकडे पावाच्या दुकानापाशी टोपी हातात धरून उभे राहिले. येगोर आजोबांचं नाव येऊन गेलं. तरी सासरे तिथून हलले नाहीत. यादी संपेपर्यंत उभे होते. मग आईसाठी एक गरम पाव घेऊन आले आणि म्हणाले, "घसा सांभाळा. थंडी आहे."

त्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात हिवाळ्यासाठी कोबी आंबवायचं काम निघालं. सासरे मीठ चोळत होते, आई गाजर किसत होती. रिम्मा जेवून शेजारच्या खोलीत जरा पडली होती आणि पडल्या पडल्या तिचा डोळा लागला होता.

"मीठ पुरे झालं, व्याहीबुवा."

"पुरे नाही. सडेल."

"माझा कोबी जन्मात सडलेला नाही."

"कारण तुम्ही तो जानेवारीत संपवता. मी मार्चपर्यंतचं बघतो."

"तुम्ही नेहमी लांबचंच बघता. जवळच्याचं काय होतं ते कुणी बघायचं?"

आवाज चढू लागले. रिम्मा जागी होईल म्हणून मी हळूच उठलो आणि मधलं दार ओढून घेऊ लागलो.

आतून रिम्माचा झोपाळलेला आवाज आला, "राहू दे उघडं."